पोर्ट अप, दिवा हिरवा, तरी नेटवर्क रखडतं: स्विचवरचे आकडे वाचायचे कसे?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कारखान्याच्या ऑफिसात सिस्कोचा कॅटॅलिस्ट स्विच आहे. त्याच्या १४ नंबरच्या पोर्टवरून निघालेली केबल ऐंशी मीटरवरच्या वजनकाट्याच्या केबिनीत जाते आणि तिथे आठ पोर्टच्या एका साध्या, अनमॅनेज्ड (म्हणजे ज्याला कमांड देता येत नाही आणि ज्याचे आकडे बघता येत नाहीत अशा) स्विचला लागते. सकाळी सगळं सुरळीत असतं. दुपारी गाड्यांची रांग लागली की एकेक पावती निघायला मिनिट-मिनिट लागतं. पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का हे बघायची चाचणी) मात्र कधीच चुकत नाही. पोर्टची अवस्था दाखवणारी ‘शो इंटरफेसेस’ ही कमांड मारली तर पोर्ट अप, लाइन प्रोटोकॉल अप, रिलायबिलिटी २५५ पैकी २५५. आणि खाली इनपुट एरर्स ४८,२१३, त्यातले बहुतेक सीआरसी (तपासणीची बेरीज न जुळलेल्या फ्रेम; फ्रेम म्हणजे तारेवरून जाणारा डेटाचा एक गठ्ठा), थोडे रंट्स (फारच आखूड फ्रेम), शिवाय आउटपुट ड्रॉप्स (पुढे न पाठवता टाकून दिलेल्या फ्रेम) १,१२,०४०. व्हेंडर म्हणतो स्विच गेलाय, नवा घ्या. घ्यायचा का?

नका घेऊ. निदान आत्ता तरी नको. तुम्ही ‘शो इंटरफेसेस स्टेटस’चं जे चिकटवलंय त्यात उत्तर आहे, आणि तिकडे व्हेंडरचं लक्ष गेलेलं दिसत नाही. तुमच्या बाकीच्या पोर्टांपुढे ‘ए-फुल’ आणि ‘ए-१०००’ लिहिलंय. १४ पुढे नुसतं ‘फुल’ आणि नुसतं ‘१००’. तो ‘ए’ म्हणजे ऑटो: दोन्ही टोकांनी आपसात बोलून वेग आणि डुप्लेक्स (दोघं एकाच वेळी बोलू शकतात ते फुल, पाळीपाळीने बोलतात ते हाफ) ठरवला. ‘ए’ नाही याचा अर्थ कुणीतरी कधीतरी त्या पोर्टवर हाताने ‘स्पीड १००, डुप्लेक्स फुल’ टाकून ठेवलंय. आणि समोरचा साधा स्विच ऑटोवरच असणार, त्याला दुसरं काही येतच नाही.

यात बिघडतं काय, ते नीट समजून घ्या. नेटवर्क ‘हळू चालतं’ अशा ज्या तक्रारी मी आजवर पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच इथेच येऊन संपल्या.

ऑटो असलेलं टोक लिंक धरताना समोरच्याकडून वाटाघाटीचे सिग्नल यायची वाट बघतं. तुमच्या पोर्टवर वेग आणि डुप्लेक्स दोन्ही ठोकून बसवलेत, त्यामुळे बहुतेक कॅटॅलिस्ट स्विचांत ही वाटाघाटच बंद होते. समोरच्याला सिग्नलच्या चालीवरून एवढं ओळखता येतं की वेग १०० आहे. डुप्लेक्स मात्र सिग्नलवरून ओळखता येत नाही. मग नियमच असा आहे की कळलं नाही तर हाफ धरायचं. झालं: तुमचं टोक फुल, केबिनीतलं टोक हाफ. दिवा दोन्हीकडे हिरवा.

घाटातला रस्ता डोळ्यांपुढे आणा. वरून येणाऱ्याला सांगितलंय की रस्ता दुपदरी आहे, खालून येणाऱ्याला सांगितलंय की एकपदरी. वरचा बिनधास्त गाड्या सोडतो. खालचा आधी कानोसा घेतो, रस्ता मोकळा वाटला तर गाडी काढतो, आणि समोरून कुणी आलं की टक्कर झाली असं समजून आपली गाडी अर्ध्यातच थांबवतो. ही अर्धी तुटलेली फ्रेम तुमच्या पोर्टवर येऊन पडते. ६४ बाइटांपेक्षा कमी उरली असेल तर स्विच तिची नोंद रंट म्हणून करतो, जास्त असेल तर शेवटची बेरीज जुळत नाही म्हणून सीआरसीत. तुम्हाला दिसणारी सीआरसी आणि रंट्स ही जोडगोळी इथून येते.

केबिनीतल्या स्विचवर याच घटनेला लेट कोलिजन म्हणतात, म्हणजे फ्रेमचे पहिले ६४ बाइट निघून गेल्यावर झालेली टक्कर. पहिल्या ६४ बाइटांत टक्कर झाली तर तो स्विच स्वतःच फ्रेम पुन्हा पाठवतो. लेट कोलिजनमध्ये ती फ्रेम बहुतेक वेळा सोडून दिली जाते, आणि मग टीसीपीला (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवायची जबाबदारी ज्याची, त्या प्रोटोकॉलला) उशिरा कळतं की आपलं पॅकेट पोचलंच नाही. तुमच्या पावतीचं मिनिट तिथे जातं. अडचण एवढीच की तो स्विच अनमॅनेज्ड, त्याच्या पोटातले आकडे तुम्हाला दिसणार नाहीत. भांडणाची एकच बाजू तुमच्या कानावर येतेय.

आणि तुमच्या पोर्टवर ‘कोलिजन्स ०’ दिसतंय ना? त्यावर जाऊ नका. फुल डुप्लेक्समधला पोर्ट टक्कर शोधतच नाही, तो शून्यच दाखवणार.

पिंग का चुकत नाही, तेही यातच आलं. एक छोटं पॅकेट जातं, मग एक छोटं उत्तर येतं. दोघं एकाच वेळी तारेवर क्वचितच असतात. सकाळी एक गाडी, एक पावती, तेव्हाही तसंच. दुपारी काट्याचा डेटा, कॅमेरा, प्रिंटर सगळे एकदम बोलायला लागले की टकरा सुरू. पिंगवरून लिंकची तब्येत ठरवणं म्हणजे माणसाला बसल्या जागी तपासून तो डोंगर चढेल असं सांगणं.

हे ‘१०० फुल’ तुमच्याकडे आलं कुठून याचा अंदाज सांगतो. फास्ट इथरनेटबरोबर १९९५ मध्ये ऑटो-निगोशिएशन आलं, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं एकमेकांशी नीट बोलत नसत. म्हणून जुन्या मंडळींनी नियम काढला की महत्त्वाचा पोर्ट हाताने ठोकायचा. मीही नोकरीच्या सुरुवातीला तेच शिकलो आणि मोठ्या भक्तिभावाने शेकडो पोर्ट ठोकले. पुढे १९९९ मध्ये तांब्याच्या केबलवरचं गिगाबिट आलं, आणि त्यात ऑटो-निगोशिएशन बंधनकारकच आहे. कारण गेलं, नियम तेवढा उरला. बहुधा तुमच्याकडे तिथे पूर्वी दुसरं काही उपकरण असेल, ते काढून कुणीतरी छोटा स्विच लावला आणि कॉन्फिगरेशन तसंच राहिलं.

इलाज पाच मिनिटांचा आहे. त्या पोर्टच्या इंटरफेस मोडमध्ये जाऊन ‘स्पीड ऑटो’ आणि ‘डुप्लेक्स ऑटो’ टाका. लिंक काही सेकंद जाईल, म्हणून काट्यावर गाडी नसताना करा. मग पुन्हा ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ बघा. छोट्या स्विचवर गिगाबिट लिहिलंय असं तुम्ही म्हणता, तर ‘ए-फुल’ आणि ‘ए-१०००’ दिसायला हवं. दिसलं तर चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी लाइट गेली की जुनं भूत परत येईल.

‘ए-१०००’ऐवजी ‘ए-१००’ दिसलं तर? मग केबलकडे वळा. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात: पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला आठही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी तुटलेली असेल, क्रिम्पिंग करताना एक तार कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचलीच नसेल, तर १०० वर सगळं छान चालतं आणि गिगाबिट धरत नाही. काही स्विच अशा वेळी आपणहून १०० वर उतरतात, काहींवर पोर्ट नुसता अप-डाउन होत राहतो. कदाचित म्हणूनच कुणीतरी कंटाळून १०० ठोकलं असेल, हीही शक्यता आहे. तुमच्या मॉडेलमध्ये सोय असेल तर ‘टेस्ट केबल-डायग्नोस्टिक्स टीडीआर’ ही केबलमधला दोष शोधणारी चाचणी चालवा आणि थोड्या वेळाने त्याचा ‘शो’ बघा. प्रत्येक जोडीपुढे नॉर्मल, ओपन किंवा शॉर्ट असं येतं आणि दोष किती मीटरवर आहे तेही येतं. अंतर एक-दोन मीटर आलं तर पॅच कॉर्ड, ऐंशीच्या आसपास आलं तर केबिनीतला जॅक. मधलं काही आलं तर वाईट बातमी. ही चाचणी चालू असताना लिंक क्षणभर पडू शकते, तेवढं ध्यानात असू द्या.

आता आकड्यांकडे येतो, कारण तुमचा मूळ प्रश्न ‘४८ हजार म्हणजे जास्त की कमी’ असा होता.

त्या पानावरचे एररचे आकडे गाडीच्या किलोमीटरसारखे असतात, चढतच जातात. ‘लास्ट क्लिअरिंग’पुढे तुमच्याकडे ‘नेव्हर’ आहे आणि स्विच ४१ आठवडे चालू आहे. म्हणजे ४८,२१३ ही ४१ आठवड्यांची जमा. रोजच्या सरासरीने १६८. पण ते रोज थोडे थोडे आलेत, की छोटा स्विच बदलल्यापासून गेल्या पंधरा दिवसांत आलेत, की सहा महिन्यांपूर्वी कुणी सैल जॅक हलवत बसला तेव्हा एका तासात आलेत, हे तो आकडा सांगत नाही. म्हणून आधी ‘क्लिअर काउंटर्स’ त्या एका पोर्टपुरतं मारा, घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा, आणि दुपारच्या गर्दीत दर दहा मिनिटांनी बघा. वाढणारा आकडा बघायचा, मोठा आकडा नाही. एसएनएमपीवरून (स्विचचे आकडे दुरून वाचायच्या पद्धतीने) आलेख काढत असाल तर काळजी नको, या क्लिअरने तिकडचे आकडे पुसले जात नाहीत.

प्रमाण म्हणाल तर गिगाबिट तांब्याच्या केबलसाठी मानकात मान्य केलेली चूक दर १००० कोटी बिटांमागे एक बिट इतकी आहे. पूर्ण लांबीच्या फ्रेममध्ये साधारण १२ हजार बिट असतात, म्हणजे आठ लाख फ्रेममागे एक खराब फ्रेम. तुमच्याकडे ९ कोटी ३१ लाख पॅकेटांमागे ४८ हजार, म्हणजे साधारण १,९३० मागे एक. हे केव्हाही जास्तच. आणि ही ४१ आठवड्यांची सरासरी. दुपारचं प्रमाण याच्या कित्येक पट असणार. प्रत्यक्षात चांगली केबल शून्यावर बसून राहते. मी तरी वाढता सीआरसी दिसला की मानक काढून बसत नाही, केबल बघायला जातो.

सीआरसीबद्दल एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात ठेवा. तो ‘इनपुट’ एरर आहे. तुमचा स्विच फक्त सांगतोय की माझ्यापर्यंत आलं ते फाटकं आलं. फाडलं कुणी? तार, जॅक, समोरचं टोक. तुमच्या पोर्टचा स्वतःचा रिसीव्हर बिघडू शकतो, नाही असं नाही, पण तो यादीत शेवटचा, आणि शेजारच्या रिकाम्या पोर्टवर केबल बदलून दहा मिनिटांत त्याची शहानिशा होते. एरर केबलबरोबर नव्या पोर्टवर गेले तर स्विच निर्दोष. हे न करता स्विच बदला म्हणणारा माणूस स्विच विकणारा असतो.

डेटा सेंटरमध्ये कधी काम केलंत तर याला एक अपवाद भेटेल. काही वेगवान स्विच फ्रेम पूर्ण यायच्या आतच पुढे ढकलायला लागतात, त्याला कट-थ्रू म्हणतात. बेरीज फ्रेमच्या शेवटी असते, त्यामुळे चूक कळेपर्यंत फ्रेम पुढच्या दारी पोचलेली असते. तिथे सीआरसी दाखवणारा पोर्ट आणि खरी खराब केबल यांच्यामध्ये दोन-तीन स्विच असू शकतात. तुमचा स्विच पूर्ण फ्रेम तपासून मगच पुढे पाठवणारा आहे, तुम्हाला ही भानगड नाही.

केबलचा दोष आणि डुप्लेक्सचा दोष आकड्यांत वेगळा ओळखू येतो. केबल खराब असेल तर सीआरसी वाढतो पण रंट्स सहसा नाहीत, आणि रहदारी एकाच बाजूने असली तरी वाढतो. डुप्लेक्सचा घोळ असेल तर दोन्ही बाजूंनी एकदम रहदारी असतानाच दोन्ही वाढतात.

वाढीची वेळ बघण्यात किती अर्थ असतो याचा एक अनुभव. भोसरीत एका छोट्या कारखान्यात एका पोर्टवर सीआरसी वाढायचा, रात्री थांबायचा. त्या मंडळींनी दोनदा केबल बदलली होती, तीच वाट धरून. मी दिवसभर दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहीत बसलो. सकाळच्या शिफ्टला वाढ सुरू, साडेबाराला बंद, एकला पुन्हा सुरू. साडेबारा ते एक जेवणाची सुट्टी. केबल वेल्डिंग मशीनच्या पॉवर केबलशेजारून एकाच ट्रेमधून गेली होती, वीस मीटर गळ्यात गळा घालून. केबल दुसऱ्या भिंतीने नेली, आकडा शून्यावर. काट्याच्या केबिनीपर्यंत तुमची केबल कुठल्या वाटेने जाते, हे एकदा पायी चालत बघाच.

आउटपुट ड्रॉप्सची गोष्ट निराळी. तिथे फ्रेम धडधाकट असते, तुमच्याच स्विचला ती पुढे पाठवायला जागा मिळत नाही आणि तो ती टाकून देतो. तुम्ही विचारलंय की टीएक्स लोड (पोर्टमधून बाहेर जाणारी रहदारी) २५५ पैकी २५, म्हणजे जेमतेम दहा टक्के, मग ड्रॉप कसे? कारण लोड ही पाच मिनिटांची, ताज्या मापाला जास्त वजन देणारी सरासरी आहे आणि ड्रॉप मिलिसेकंदात होतात. हिशेब करा. सर्व्हर गिगाबिटवर आहे, काट्याचा पोर्ट १०० वर. सर्व्हरने १० मिलिसेकंद पूर्ण वेगाने माल पाठवला तर १२.५ लाख बाइट आले. तेवढ्या वेळात १०० च्या पोर्टमधून बाहेर गेले सव्वा लाख. उरलेले सव्वाअकरा लाख बाइट बफरमध्ये, म्हणजे स्विचच्या तात्पुरत्या साठ्यात, मावायला हवेत, आणि अशा स्विचात एका पोर्टच्या वाट्याला सहसा इतकं येत नाही. जे मावलं नाही ते ड्रॉप. असा एक झटका दर सेकंदाला आला तरी सरासरी फक्त १० एमबीपीएस, म्हणजे शंभरातले दहा टक्के. तुमच्या लोडच्या आकड्याशी हे जुळतंही. पोर्ट गिगाबिट झाला की हे ड्रॉप बहुतांशी आपोआप थांबतील, म्हणून आत्ता क्यूओएसच्या (कुठली रहदारी आधी सोडायची हे ठरवणाऱ्या) सेटिंगला हात लावू नका.

पाच मिनिटांची सरासरी नको असेल तर पोर्टवर ‘लोड-इंटरव्हल ३०’ टाका. त्याने ती तीस सेकंदांची होते. त्याहून खाली जाता येत नाही, पण फरक पडतो.

रिलायबिलिटी २५५ पैकी २५५ बघून तुम्हाला वाटलं की लिंक शंभर टक्के चांगली. तीही पाच मिनिटांचीच सरासरी, आणि २५५ भागांत मोजलेली. दोन हजारांत एक एरर तिच्या काट्यावर चढतच नाही. ती २५४ झाली तर समजा की पाणी डोक्यावरून गेलंय. आणि ‘लास्ट इनपुट नेव्हर’ वाचून घाबरू नका. स्विचच्या सीपीयूने स्वतः हाताळलेल्या पॅकेटांनीच ती वेळ बदलते. जी पॅकेटं चिपमधून परस्पर निघून जातात ती तिथे धरली जात नाहीत. वर्षभर धो-धो चालणाऱ्या पोर्टवरही तिथे ‘नेव्हर’ असू शकतं.

अप-डाउनचे बाकीचे प्रकार तुम्हाला सध्या लागणार नाहीत, तरी ओझरतं सांगतो. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ म्हणजे कुणीतरी ‘शटडाउन’ मारलंय. ‘नॉट कनेक्ट’ म्हणजे समोरून सिग्नलच नाही: केबल निघालीय किंवा पलीकडचं उपकरण बंद आहे. ‘एरर-डिसेबल्ड’ म्हणजे स्विचने स्वतः पोर्ट पाडलाय, आणि त्याला कारण असतं: पोर्ट सिक्युरिटी (अनोळखी उपकरण जोडलं), बीपीडीयू गार्ड (नको तिथे दुसरा स्विच किंवा लूप दिसला), वारंवार अप-डाउन. केबिनीत कुणी हौशी माणसाने एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच छोट्या स्विचात खोचली की हा प्रकार बघायला मिळतो. अशा वेळी नुसतं ‘शट, नो शट’ करून पोर्ट उठवू नका, आधी लॉग वाचा.

पुढे आलेख काढायचा विचार आहे म्हणालात, तर एक खड्डा आधीच दाखवतो. जुने एसएनएमपी काउंटर ३२ बिटांचे. ते ४,२९,४९,६७,२९६ बाइटांवर पोचले की परत शून्यावर येतात. भरलेल्या गिगाबिट पोर्टवर त्याला ३४ सेकंद पुरतात. तुमचं सॉफ्टवेअर पाच मिनिटांनी एकदा विचारणार, तोवर काउंटर आठ-नऊ वेळा फिरलेला असेल, आणि आलेखावर पोर्ट निवांत दिसेल. म्हणून ६४ बिटांचे काउंटर घ्या. नावात ‘एचसी’ असतं, इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स वगैरे. एसएनएमपीची पहिली आवृत्ती ६४ बिट वाहूच शकत नाही, त्यामुळे सेटिंगमध्ये निदान व्ही-टू-सी निवडा. बाइटांबरोबर एरर आणि डिस्कार्डचेही (टाकून दिलेल्या पॅकेटांचेही) आलेख लावा, ते कुणी लावत नाही आणि कामाला तेच येतात.

तर उद्या दुपारी रांग लागायच्या आत: ‘स्पीड ऑटो’, ‘डुप्लेक्स ऑटो’, ‘क्लिअर काउंटर्स’, आणि वेळ कागदावर. चार वाजता सीआरसी, रंट्स आणि आउटपुट ड्रॉप्स हे तीन आकडे आणि स्टेटसची ओळ इथे खाली कमेंटमध्ये टाका. रंट्स थांबले पण सीआरसी अजून वाढतोय असं दिसलं, तर टीडीआरचा निकालही बरोबर द्या, मग केबलचं बघू. व्हेंडरला तोवर सांगा, कोटेशन पुढच्या आठवड्यात मागवतो.